सुतळी बांधलेला पाट

आमच्या ऑफिसात त्यांचं नेमकं काम काय होतं, हे मला आजही धड सांगता येत नाही. नेमणुकीच्या कागदावर ‘अनुभवी सल्लागार’ असं लिहिलेलं होतं. पण सल्ला विचारला तर ते उलट प्रश्न विचारायचे, आणि कुणी विचारला नाही तर दिवसभर देत बसायचे.

अमरावती शहर आणि भोवतालचे तालुके मिळून सार्वजनिक वाहतुकीचा आराखडा करायचं काम आमच्याकडे होतं. किती लोकांनी बसनं जावं, घरापासून थांबा किती अंतरावर असावा, म्हाताऱ्या आणि अपंग माणसांना चढता-उतरता यावं म्हणून कुठं काय बांधावं, याची उद्दिष्टं आम्ही ठरवत होतो. आम्ही म्हणजे कंत्राटावरची सहा-सात माणसं, आणि सगळी दुचाकीवाली. खाली गाड्या लावायला जागा पुरत नसे. तिच्यावरून रोज सकाळी भांडायचं आणि मग वर जाऊन लोक बस का वापरत नाहीत याचे तक्ते भरायचे, असा आमचा दिवस सुरू होई. त्या अख्ख्या ऑफिसात बसनं येणारे ते एकटे, आणि रोज उशिरा येणारेही ते एकटेच.

साहेब त्यावरून रागावले की ते म्हणायचे, “मी त टायमावरच निंगालो सायेब. तुमचा आराखडाच लेट हाय, त मी काय करू?”

उभी नोकरी त्यांनी बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून केली होती. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली हे माइकवरून सांगायचं. निवृत्त झाले तरी माइक काही तोंडातून गेला नव्हता. चहा आला की उभे राहून, नाकातून आवाज काढून ते सांगायचे, “प्रवाशांनी लक्ष द्यावं, चाय फलाट क्रमांक दोनवर उभा हाय.” फलाट क्रमांक दोन म्हणजे शिपायाचं टेबल. आणि माणसांना ते नावानं कधी हाक मारत नसत, गावानं मारत. साहेब नागपूरचे म्हणून ‘नागपूर’, शिपाई ‘चांदूर’, मी अकोल्याची म्हणून ‘अकोला’. स्वतःची ओळख करून देताना ते म्हणत, “मी मूर्तिजापूर.” पहिल्या आठवड्यात मला याचा राग आला होता. पुढं पुढं घरून फोन आला आणि आईनं नावानं हाक मारली की क्षणभर ही कोण, असं वाटायला लागलं.

पण खरा घोळ होता तो पाटाचा.

साधा जेवायचा लाकडी पाट. खाली ठोकळे ठोकून उंच केलेला, आणि एका कोपऱ्याला भोक पाडून त्यात चार हात सुतळी ओवलेली. तो काखेत मारून ते रोज यायचे आणि टेबलाखाली ठेवायचे. आम्हाला वाटलं, पाय ठेवायला असेल. मग एका सकाळी पंचवटी चौकात मी स्कूटीवर बसच्या मागं अडकले होते, तेव्हा समोर त्यांना पाहिलं. आधी पाट रस्त्यावर ठेवला. त्यावर चढले. तिथून बसच्या पायरीवर. मग दारात उभं राहून विहिरीतून बादली ओढावी तसा सुतळीनं पाट वर ओढून घेतला. मागचे हॉर्न वाजवून राहिले, कंडक्टर कपाळावर हात मारून राहिला, आणि हे शांतपणे सुतळी गुंडाळत आत गेले.

ऑफिसात विचारलं तर म्हणाले, “गुडघे गेले बाप्पा माहे.”

आता गुडघे गेलेला माणूस संध्याकाळी पाच वाजता सुटणारी बस पकडायला जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या उतरत नाही. मी डोळ्यांनी पाहत होते. शिवाय दर आठ-पंधरा दिवसांनी त्या पाटाची उंची बदललेली असायची. कधी ठोकळे जाड, कधी बारीक. तो माणूस लबाड आहे, वेडा आहे की आमची फिरकी घेतोय, यातलं काहीच माझं नक्की ठरेना.

सर्वेक्षणाला बरोबर नेलं तर मग विचारूच नका. आम्ही थांब्यावर आलेली माणसं मोजायचो. हे चहावाल्याजवळ जाऊन विचारायचे, “आज कोन नाई आलं?”

चहावालाही बिचारा आठवून सांगायचा. अमक्याची सून नाही आली, दिवस भरत आले तिचे, चढवत नाही. तमक्या गुरुजींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यांना पाटी दिसत नाही. हे सगळं ते शाळेच्या एका दोनशे पानी वहीत लिहून घेत. आमच्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता. मी एकदा वैतागून म्हटलंही, “काका, न आलेल्यांची यादी करायची म्हटली तर जगातली सगळीच माणसं येतील की तिच्यात!”

“हो ना,” ते म्हणाले. “म्हनून त दुसरी वही घेतली.”

रकान्यांवरून त्यांची आणखी एक तक्रार होती. आमच्या तक्त्यात जाणारा प्रवासी होता, परत येणारा नव्हता. “जानाऱ्याले सारेच मोजते,” ते म्हणायचे. “येनाऱ्याले कोन मोजते?” गेलेला माणूस परत येणारच, तो पुन्हा कशाला मोजायचा, असं साहेबांचं म्हणणं. मलाही ते पटलं होतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं तेच मला नडलं.

त्या उन्हाळ्यात दर्यापूर रस्त्यावरच्या एका फाट्यावर मी दोन दिवस मोजणीला उभी होते. तिथं सिमेंटचा थांबा आहे, पण त्याचं तोंड पश्चिमेला. दुपारनंतर आत भट्टी होते, आणि कुणीतरी त्यात सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, भरून ठेवलं होतं. माणसं चाळीस पावलं पुढं कडुलिंबाखाली उभी राहायची. दर्यापूरकडे जाणारी तिथंच आणि अमरावतीला येणारीही तिथंच. अमरावतीची गाडी दिसली की तिकडची माणसं रस्ता ओलांडून पलीकडे पळायची. हात दाखवला की ड्रायव्हर तिथंच गाडी थांबवायचा. हे सगळं मी पाहिलं. पण मला शिकवलं होतं की थांब्याच्या हद्दीत उभा असेल तोच प्रवासी. मी दोन्ही दिवस प्रामाणिकपणे शून्य लिहिलं.

नियम असा होता की जिथं प्रवासी शून्य, तो थांबा ओट्याच्या यादीतून बाद. ओटा म्हणजे बसच्या पायरीइतका उंच चौथरा, बाजूला उतार. त्यावरून माणूस पाय फारसा न उचलता गाडीत जाऊ शकतो.

काकांनी तक्ता पाहिला आणि त्या फाट्याच्या ओळीवर बोट ठेवलं.

“अकोला, हे शून्य कोनाचं हाय?”

“कुणाचं म्हणजे? थांब्यावर कुणी नव्हतंच.”

“अन् लिंबाखाली?”

“लिंबाखाली होती की पंधरा-वीस माणसं.”

“ते काय लग्नाले आलते?”

मी तक्ता परत आपल्याकडे ओढला. ते म्हणाले, “उद्या तुमची गाडी घरी ठेवा. मायासंग बसनं चला.”

मी कित्येक वर्षांत बसमध्ये पाय ठेवला नव्हता, हे इथं कबूल करते. त्या फाट्यावर उतरल्यावर त्यांनी चहाच्या टपरीतून ज्वारीची एक भरलेली पिशवी काढली आणि माझ्या हातात दिली. निदान दहा किलोची तरी असेल. म्हटलं, हे काय? तर म्हणाले, “धरा. रिकाम्या हातानं कोनी गाडीवर येते काय? अंतर मोजाचं त सामानासंग मोजा.” गावापर्यंत जाताना मी तीनदा थांबले. आमच्या तक्त्यात ते अंतर ‘सहज चालण्याजोगं’ होतं.

ते राहत होते ते हेच गाव, मूर्तिजापूर नुसतं मूळगाव, हे मला घरासमोर पोचल्यावर कळलं. ओसरीत खाटेवर एक भरल्या अंगाची बाई बसली होती. दूर रस्त्यावर हॉर्न वाजला तशी ती आमच्याकडे न बघताच म्हणाली, “परतवाडा गेली. आज लेट हाय.” मग माझ्याकडे बघून, “कोन हे?”

“अकोला,” ते म्हणाले. मग मला म्हणाले, “अन् हे अंजनगाव.”

ती त्यांची बायको. माहेर अंजनगाव सुर्जी. लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झाली तरी ती त्यांच्यासाठी अंजनगावच होती. दोन्ही गुडघे गेले होते ते तिचे. गेली सहा वर्षं ती माहेरी गेली नव्हती. भाऊ येऊन भेटून जायचा.

मला वाटलं, यात अवघड ते काय. मी म्हटलं, “काकी, ऑटो करून जायचं ना. तासाभराचा तर रस्ता.”

“बुढा बी तेच म्हनते,” ती उसळून म्हणाली. “जलमभर सऱ्या दुनियेले गाडीत बसवलं यानं, अन् बायकोले किरायाच्या आटोत नेते काय? मले बसनंच जायचं हाय. आता त बायाइले अर्धंच तिकीट हाय. अन् मले एकटीले जायचं हाय.”

“एकटीलाच का?”

“हा संग आला का रस्ताभर सांगत रायते. हा थांबा म्या चालू केला, तो टायम म्या बदलला. खिडकीतून काई पाहूच देत नाई मले.”

मी हसले. तीही हसली. मग म्हणाली, “पन चढू कशी माय? पायरी उच्ची. मागून लोकं ढुंगनाले हात लावून ढकलते. हासते बी. म्या काय गोनी हाय काय?”

पाट घेऊन तिनं करून पाहिलं होतं. पाटावर चढता यायचं, त्यावरून पायरीवरही. पण मग वाकून सुतळी ओढायची तर तोल जायचा, आणि पाट खाली राहिला तर पुढं उतरणार कशी? म्हणून ते पाटाची उंची बदलत रोज स्वतः बसमध्ये चढून पाहत होते. ती बोलत होती तोवर ते मान खाली घालून सुतळीची गाठ तपासत होते. इतके दिवस मी त्या पाटावरून ऑफिसात नकला केल्या होत्या.

परतताना मात्र डोक्यात वेगळाच भुंगा शिरला. या माणसाला आराखड्यातून स्वतःच्या बायकोसाठी ओटा हवा होता. ही सरळ सरळ लबाडी नव्हे का? पण मग लिंबाखालच्या त्या वीस माणसांचं काय? आणि उद्या दुसऱ्या कुणाची बायको, आई तिथं आलीच, तर ओटा काही तिला नको म्हणणार नव्हता. मी गाडीत खिडकीशी बसून हे सगळं उलटसुलट करत होते. ते शेजारी बसून सांगत होते, की हा थांबा त्यांनीच चालू केला. काकींचं काही चूक नव्हतं.

उद्दिष्टांच्या तक्त्यावर शेवटची बैठक झाली तेव्हा त्या फाट्यापुढच्या रकान्यात त्यांच्या हातचं लिहिलेलं होतं, ‘एक’.

साहेब म्हणाले, “एक काय? एक टक्का? एक हजार?”

“एक.”

“अहो, आपण आख्ख्या विभागाचा आराखडा करतोय. उद्दिष्ट एक कसं असेल? वर पाठवायचंय हे.”

“सायेब,” ते उभे राहून म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात माइक नव्हता, “मी स्टँडवर कधी विभाग चढतानी नाई पाह्यला. गाडीचं दार एवढुसं रायते. एक चढते, मंग दुसरा चढते. तो पयलाच अडकला त मागचे सारे खालीच.”

कुणीतरी हसलं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी डोळे चोळले, ‘एक’ खोडलं आणि मला म्हणाले, “शून्य आहे ना तिथं? मग बादच करा तो. विषय संपला.”

पाच वाजायच्या आत काका आपली बस पकडायला निघून गेले. जाताना मला काही म्हणाले असते तर मला ठरवणं सोपं गेलं असतं. मी संगणकासमोर बसून राहिले. शून्य खोडून लिंबाखालची माणसं लिहिली, तर ओटा यादीत येणार. पण तो बांधला जाणार कुटार भरलेल्या त्या सिमेंटच्या थांब्यापुढं, जिथं चिटपाखरू उभं राहत नाही. मग मी नकाशा उघडला. त्यावर तो थांबा म्हणजे एक निळा ठिपका. तो मी धरला आणि लिंबाच्या झाडाखाली नेऊन ठेवला. चाळीस पावलं म्हणजे पडद्यावर कणभर. मोजणीत लिंबाखालची माणसं भरली. मी उभ्या आयुष्यात परीक्षेत कॉपी केलेली नाही. त्या दिवशी मी चांगलं केलं की वाईट हे मला कळत नव्हतं.

साहेबांनी तक्ता न वाचता सही केली.

काम संपलं तशी सगळ्यांची कंत्राटंही संपली. शेवटच्या दिवशी ते उभे राहिले आणि म्हणाले, “प्रवाशांनी लक्ष द्यावं, मूर्तिजापूरकडे जानारी गाडी सुटत हाय.” पाट काखेत मारला आणि गेले. ठिपक्याचं मी त्यांना सांगितलं नव्हतं.

त्या आराखड्यातलं बाकी काय झालं, मला ठाऊक नाही. पण तो ओटा झाला. झाडाखालची जागा सरकारी होती, कुणाची हरकत नव्हती, म्हणून तो आधी झाला असं ऐकलं. मला राहवेना. गेल्या हिवाळ्यात मी अकोल्याहून मुद्दाम निघाले, अमरावतीला गाडी बदलली आणि दर्यापूरकडे जाणाऱ्या बसनं त्या फाट्यावर उतरले.

उतरले ती थेट ओट्यावर. पाय वाकवावा लागला नाही. बाजूला उतार, धरायला लोखंडी दांडा. मी त्या दांड्यावरून हात फिरवला आणि मला इतका आनंद झाला की तिथल्या दोन अनोळखी बायकांकडे बघून मी हसले.

ते ओट्यावर नव्हते. रस्त्याच्या पलीकडे, उन्हात, जमिनीवर बसले होते. शेजारी पाट.

“काका! इकडे काय करताय? काकी कशा आहेत?”

“गेली,” ते म्हणाले.

माझा हात तोंडाशी गेला. ते बघून घाईनं म्हणाले, “अवं तसं नाई. अंजनगावले गेली. एकटी. ओट्यावरून चढली अन् मांगं पाह्यलं बी नाई. उतरवाले तिकडं भाचे उभे होते.”

“मग झालं की आपलं उद्दिष्ट!”

“झालं ना.”

“परत कधी येणार?”

ते पाटावरची धूळ झटकू लागले. “दीड मयना झाला. फोन केला त हासते. म्हनते, येऊ कशी? येनारी गाडी पलीकडून थांबते, तिथं कुठी ओटा हाय? मी उतरू कशी?” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “आता ते मजाक करून रायली का खरं सांगून रायली, मले समजून नाई रायलं अकोला. म्हनून बसतो इथं पाट घेऊन. आली त अडचन नको.”

मी वळून पलीकडे पाहिलं. लिंब, ओटा, उतार, दांडा, सगळं त्या बाजूला. या बाजूला नुसती माती आणि खडी. माझ्या नकाशात रस्ता म्हणजे एक रेघ होती. तिला दोन बाजू असतात, आणि गेलेला माणूस दुसऱ्या बाजूनं परत येतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला त्यांना सांगायचं होतं, काका, तो ठिपका मी ठेवला, चूक माझी. तोंडून निघालं ते भलतंच.

“तुम्ही जाऊन घेऊन या ना.”

“तिले एकटीले यायचं हाय,” ते म्हणाले. “यायचं असलं त.”

तेवढ्यात अंजनगावहून अमरावतीला जाणारी बस आली. ते झटकन उठले, सुतळी हातात गुंडाळली आणि पाट दाराखाली बरोबर बेतानं मांडला. एक म्हातारा उतरला. मग खताची पिशवी घेतलेला एक माणूस, मग लेकराला कडेवर घेतलेली बाई. सगळे त्या पाटावर पाय ठेवून उतरले. ते दारातून आत बघत राहिले. कंडक्टरनं त्यांच्याकडे बघून मान हलवली. त्यालाही सवय झाली असावी.

“चढा अकोला,” ते म्हणाले. “अमरावतीहून गाडी भेटते तुमाले.”

मी पाटावर पाय ठेवला. तो थोडा हलला, तसा त्यांनी खालून हातानं धरला. मी चढले, आणि त्यांनी सुतळीनं पाट आपल्याकडे ओढून घेतला. खिडकीशी जाऊन बसले तेव्हा ते मातीत परत बसले होते आणि मांडीवर ती दोनशे पानी वही उघडली होती. चहावाला पलीकडच्या टपरीतून ओरडून विचारत होता, “काका, आज कोन नाई आलं?”

ते आधीच लिहीत होते.